चव्हाणसाहेबांच्या बातमीने बसलेला पेपर

मुंबईत १९८९ साली ‘द इंडिपेंडंट’ नावाचा इंग्रजी पेपर निघालेला. आज सोलापुरात तिशीतल्या कुणाला विचारलं तर नावसुद्धा माहीत नसणार. पण आपल्याकडे तो माहीत असायला पाहिजे, कारण उजनीचं जे पाणी आपल्या नळाला येतं (येईल त्या दिवशी), त्या धरणाच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर आहे आणि हा पेपर गोत्यात आला तो यशवंतराव चव्हाणांच्याच बातमीवरून.

मालक टाइम्स ग्रुप, संपादक विनोद मेहता. नवा पेपर उभा करावा तर या माणसाने, १९८१ ला संडे ऑब्झर्व्हर, १९८७ ला विजयपत सिंघानियांचा इंडियन पोस्ट. टिकायच्या बाबतीत मात्र बोंब, इंडियन पोस्टमध्ये मालकाशी वाजलं आणि हे बाहेर. टाइम्सकडे पैसा, प्रेस, जाहिरातवाले सगळं आयतं होतं, म्हणजे आता तरी गाडी रुळावर राहील असं कुणालाही वाटलं असतं.

आता मूळ भानगड. सेमूर हर्श या अमेरिकन पत्रकाराने १९८३ च्या पुस्तकात मोरारजी देसाई सीआयएला माहिती पुरवायचे असं लिहिलं, मोरारजींनी तिकडे अमेरिकेत केस टाकली आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये शिकागोच्या ज्युरीने हर्शच्या बाजूने निकाल दिला. झालं, जुनी कुजबुज परत वर आली की १९७१ च्या युद्धाच्या वेळी इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातली खबर अमेरिकेला दिली कोणी? मोरारजी तर १९६९ लाच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले. इंडिपेंडंटने छापून टाकलं, मोरारजी नव्हे, चव्हाण!

चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते हे खरं, पण म्हणून थेट हेर? आणि उत्तर द्यायला ते स्वतः कुठे होते, १९८४ लाच गेलेले. वर टायमिंग बघा, लोकसभेची निवडणूक महिन्यावर आलेली आणि मुख्यमंत्री कोण, तर चव्हाणांना गुरू मानणारे शरद पवार. महाराष्ट्रात आगडोंब उसळला, पेपरला जाहीर माफी मागावी लागली आणि मेहतांनी राजीनामा दिला. खुर्चीवर जेमतेम २९ दिवस! माझ्या मते एवढा मोठा आरोप करायला ही बातमी कच्चीच होती, मेहता कितीही धडाडीचे असले तरी.

पेपर लगेच बंद नाही पडला हां. पुढे प्रीतीश नंदी संपादक झाले, मांडणी चकचकीत होती, पण नव्वदीच्या मध्यापर्यंत टाइम्सने गाशा गुंडाळला. मेहता १९९५ ला दिल्लीत आउटलुक काढून मोकळे झाले आणि ते मात्र जोरात चाललं. इंडिपेंडंटची खरी अडचण मला वेगळीच वाटते, पहिल्याच महिन्यात ज्याच्या नावावर पेपर उभा केला तोच गेला, आणि मुंबईतला इंग्रजी वाचक तर टाइम्स आधीपासून घेतच होता, त्याच मालकाचा दुसरा पेपर तो कशाला घेईल?