रंग हाताने भरू नका, शब्द बदला
(गुगल शीटच्या ओळी आपोआप रंगवणारी आमची स्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी)

“भो, काल हिरवी केलेली ओळ आज परत लाल कशी? तुमची स्क्रिप्ट बिघडली.” हा फोन आम्हाला आता पाठ झाला आहे. स्क्रिप्ट बिघडलेली नसते. रोज रात्री 2 ते 3 च्या दरम्यान ती जुने सगळे रंग पुसते आणि ‘स्थिती’ रकान्यातला शब्द वाचून ओळी नव्याने रंगवते. ‘बाकी’ लाल, ‘अर्धवट’ पिवळी, ‘जमा’ हिरवी. तुम्ही बादलीचं चिन्ह दाबून भरलेला रंग तिच्या लेखी नोंदच नाही.

सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्यांचे मुनीम पैसे आले की गाडीची ओळ हिरवी करायचे. रकान्यात मात्र ‘बाकी’ तसंच. सकाळी ओळ लाल, वसुलीच्या यादीत नाव, आणि पैसे चुकते केलेल्या पार्टीला पुन्हा तगाद्याचा फोन. शिव्या मुनिमांनी खाल्ल्या, थोड्या आम्हीही.

“मग जुने रंग पुसूच नका ना!” नाही पुसले, तर चेक परत आल्यावर ‘जमा’ खोडून रकाना रिकामा ठेवलात तरी ओळ हिरवीच दिसेल. शिवाय येणं किती याची बेरीज शब्दावरून होते, रंगावरून सूत्र लागत नाही.

शब्दही सेलवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या ड्रॉपडाऊन यादीतूनच निवडा. मागे-पुढे पडलेली स्पेस स्क्रिप्ट छाटते, पण ‘आले’, ‘ओके’, ‘झालं भाऊ’ यांचं ती काय करणार? व्हॉट्सॲपवरून आणलेला मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्हीने पेस्ट करा. दुसऱ्या शीटमधला सेल साधा पेस्ट केलात तर ड्रॉपडाऊनच उडतो.

आणि कोड घरी उघडू नका. एका ग्राहकाच्या भाच्याने आमचं एकदम रंगवणं काढून एकेक ओळ वाचून रंगवायला लावली. स्क्रिप्ट चालवायला गुगल एका वेळी 6 मिनिटंच देतं. वरच्या ओळी रंगल्या, खालच्या कोऱ्या राहिल्या.

शे-दोनशे ओळींची एकच शीट असेल तर साधं कंडिशनल फॉरमॅटिंग (शब्द पाहून रंग भरणारी गुगल शीटचीच सोय) पुरतं, तेही फुकट. आमची गरज दहा-बारा शीट आणि रोज सकाळी वसुलीची यादी हवी असेल तेव्हा.

तरीही हाताने रंग भरायचाच असेल, तर स्क्रिप्ट हात लावणार नाही असा ‘शेरा’ रकाना जोडून देतो. वार्षिक देखभाल घेतलेल्यांना मोफत, इतरांनी फोन करून दर विचारावा.