पीसीओएसमधली न दिसणारी सूज

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओएस’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांचा आणि पाळीचा बिघाड) आलं की घरी सांगितलं जातं, ‘पोरीच्या पोटात गाठी झाल्या.’ खरं तर ते वाढ अर्धवट थांबलेले बीजकोश असतात. या गैरसमजाचं मूळ जुनं आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची नोंद मांडली. अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा काढल्यावर त्यांची पाळी सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्यांची नजर अंडाशयावरच राहिली.

१९८० मध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांत इन्सुलिन आणि पुरुषी संप्रेरकं (अँड्रोजेन) सोबतच वाढलेली आढळली. २००१ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी या स्त्रियांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे सुजेची खूण, जास्त असल्याचं दाखवलं. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लठ्ठपणाचा हिशेब धरूनही ते सरासरी जवळपास दुप्पट निघालं.

ही सूज हाताला लागत नाही. पोटाच्या चरबीत जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं रसायन सोडतात. त्यामुळे इन्सुलिनचा निरोप पेशीत नीट पोचत नाही आणि स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. ते अंडाशयाला जास्त अँड्रोजेन बनवायला लावतं, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. मानेवरचा काळा पट्टाही याच इन्सुलिनचा; पोरीची मान घासून लाल करू नका, तो मळ नाही. सडपातळ मुलींमध्येही ग्लुकोज घेतल्यावर रोगप्रतिकारक पेशी चवताळतात, म्हणून ‘बारीक आहे, तिला कशाचं पीसीओएस’ हे चूकच.

सीआरपीवरून मात्र पीसीओएस ठरत नाही. गडचिरोलीकडे मलेरिया, कुठे दातात पू, कुठे लघवीचा जंतुसंसर्ग. कशानंही ते चढतं. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आलं तर आधी संसर्ग शोधावा.

इन्सुलिनचं काम बिघडलेलं असल्यानं पीसीओएसमध्ये साखरही तपासावी लागते. त्यात विदर्भात आणखी एक अडचण आहे, सिकलसेल. यात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, खोटी कमी दिसते. अशा मुलीची ग्लुकोज पाजूनच तपासणी करावी. रात्रभर, किमान आठ तास उपाशी राहून आधी रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात मिसळून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. दोन तासांनंतरची साखर डेसिलिटरला १४० ते १९९ मिलिग्रॅम आली तर मधुमेहाची सुरुवातीची पायरी, २०० किंवा वर आली तर मधुमेह. मधल्या दोन तासांत स्टँडवर चहा घेतला किंवा बाजारात फिरणं झालं की आकडा बिघडतो. दवाखान्यातच बसून राहावं.