टुरेट व एडीएचडीतील अवधानाच्या अडचणी

टुरेट सिंड्रोम (टिक्स, म्हणजे आपोआप पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली व आवाज, यांचा विकार) किंवा एडीएचडी (अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार) असलेल्यांना लक्ष एका जागी धरणे आणि हवे तेव्हा वळवणे अवघड जाते. मालवणी मुलखात अशा पोराविषयी ‘ह्येचा चित्त थाऱ्यार नाय’ असे म्हणतात. वर्णन नेमके आहे. त्यामागे आळस किंवा वाईट वळण शोधणे मात्र चूक. दोन्ही अवस्था मेंदूच्या वाढीशी निगडित असून त्यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

फ्रेंच चेतातज्ज्ञ जॉर्ज झील द ला तूरेत यांनी १८८५ मध्ये टुरेटच्या नऊ रुग्णांचे वर्णन केले. डोळे मिचकावणे, खांदा उडवणे, घसा खाकरणे अशा टिक्स बहुधा ४ ते ६ या वयात सुरू होतात व १० ते १२ या वयात सर्वाधिक असतात. उपचारासाठी येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना एडीएचडीही असते.

एडीएचडी नसतानाही टुरेटमध्ये लक्ष उडते. शिंक यावी तशी टिकपूर्वी अंगात कळ दाटते. वर्गात हसे होऊ नये म्हणून मूल ती दाबून धरते आणि फळ्याकडे पाहत असूनही त्याची सारी शक्ती त्यातच जाते. बाईंचा प्रश्न त्याने ऐकलेलाच नसतो. घरी येऊन ते मोकळे होते, तेव्हा ‘शाळेत गप्प बसतो, घरीच थेरं करतो’ असा बोल लागतो. खाकरण्यावर खोकल्याचे औषध दिले जाते, देवळात गाऱ्हाणे घातले जाते. गाऱ्हाण्याने काही बिघडत नाही. माराने बिघडते, कारण ताणाने टिक्स वाढतात. भजनात पखवाज वाजवताना त्याच टिक्स अनेकदा ओसरतात.

एडीएचडीत लक्ष नसते असे नाही, ते आवडीवर अडते. खाडीच्या धक्क्यावर गरी टाकून तासन्‌तास बसणाऱ्या मुलाला पंधरा मिनिटांचा गृहपाठ पुरा होत नाही. त्यावरून ‘मनात आणलं तर जमतं’ असे ठरवणे अन्यायाचे आहे. लक्षणे १२ वर्षांच्या आत आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली तरच निदान होते.

टिक्ससाठी कळ ओळखून विरुद्ध हालचाल करण्याचे प्रशिक्षण देतात. एडीएचडीवरच्या मेथिलफेनिडेट या औषधाने टिक्स वाढतील ही भीती जुनी. २००२ च्या अमेरिकी चाचणीत ते व क्लोनिडीन हे दुसरे औषध एकत्र दिल्यावर लक्ष सुधारले, टिक्सही कमी झाल्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणी करतात. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, टुरेट नाही. त्यामुळे टिक्सबद्दल पालकांनी स्वतःहून सांगावे लागते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते.