इन्स्पायर शिष्यवृत्ती: जीवशास्त्राच्या मुलांचे अर्ज अडकतात कुठे?

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची, असं सगळे सांगतात. त्यातले ६०,००० विद्यार्थ्याच्या हातात येतात. उरलेले २०,००० उन्हाळ्यात संशोधन प्रकल्प केल्याशिवाय मिळत नाहीत, आणि हे बहुतेकांना पहिलं वर्ष संपल्यावर कळतं.

पात्रता तशी सरळ आहे: वय १७ ते २२, बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात, आणि त्याच वर्षी मूलभूत विज्ञानाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश. गोची 'त्याच वर्षी' या शब्दांत आहे. नीटसाठी वर्षभर थांबून मग बीएससीला आलेली मुलं टक्केवारी दाखवत राहतात, पण अर्ज वर्षावरच बाद होतो. नीटमध्ये पहिल्या १०,०००त आलेल्यांनाही ही वाट खुली आहे. अर्थात तो क्रमांक मिळवून बीएससीला येणारा विरळाच.

सर्वांत जास्त मनस्ताप बायोटेकवाल्यांना होतो. मान्य विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानववंशशास्त्र, अगदी नुसतं जीवशास्त्रही आहे. बायोटेक्नॉलॉजी नाही. एकाच मजल्यावर शेजारच्या प्रयोगशाळेत तेच पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र) करणारी सूक्ष्मजीवशास्त्राची मुलगी पात्र ठरते आणि बायोटेकची ठरत नाही. याला तर्क विचारू नका, मात्र यादी प्रवेश घेण्याआधी पाहा.

कागदपत्रांत दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी) आणि बारावीची गुणपत्रिका यांत काही अवघड नाही. घबराट होते ती बोर्डाच्या पात्रता-पत्राची, म्हणजे तुम्ही वरच्या १ टक्क्यात आहात असं सांगणाऱ्या पत्राची. ते कुणाकडेच नसतं. मुलं बोर्डाच्या विभागीय कार्यालयात खेटे घालतात आणि तिथल्या खिडकीवर कुणालाच काही ठाऊक नसतं. हे पत्र बोर्डाने दिलं असेल तरच जोडायचं आहे. दिलं नसेल तर त्यापायी मुदत घालवू नका.

खरा अडसर प्राचार्यांच्या शिफारस-प्रमाणपत्राचा. ते इन्स्पायरच्या संकेतस्थळावरच्या ठरलेल्या नमुन्यातच लागतं. महाविद्यालयाचं ऑफिस सवयीने बोनाफाईड हातात ठेवतं, ते चालत नाही. नमुना स्वतः छापून न्या, अभ्यासक्रमाचं नाव प्रवेशाच्या पावतीवर आहे तसंच लिहा, आणि सही-शिक्का घेऊन झाल्यावर तिथेच उभं राहून वाचून पाहा.

आता त्या २०,००० रुपयांकडे. प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्या मार्गदर्शकाकडे सहा ते आठ आठवडे काम, शेवटी अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. एप्रिलमध्ये पत्र पाठवलं तर बहुतेक प्रयोगशाळा भरलेल्या असतात, डिसेंबर-जानेवारीत लिहा. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका, ते लगेच ओळखू येतं. विषयही दोन महिन्यांत संपणारा हवा. उंदरांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येणाऱ्या बेडूक-सापांना पकडायचं तर वनखात्याची परवानगी. दोन्ही कागद येईपर्यंत सुट्टी संपते. त्यापेक्षा मार्गदर्शकाकडे आधीच मान्यता असलेल्या कामात शिरा, किंवा बुरशी, वनस्पती, जमा असलेली जनुकीय माहिती असं काही घ्या.

शिष्यवृत्ती जास्तीत जास्त पाच वर्षं, म्हणजे एमएस्सीपर्यंत चालते, पण दरवर्षी गुणपत्रिका चढवावी लागते. बँकेचं खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर ठेवा. वडिलांचं पासबुक पुढे केलं की पैसे लटकतात.

एमएस्सीसाठी वेगळी परीक्षा आहेच: आयआयटीची जॅम किंवा बायोटेकसाठी गॅट-बी. त्यापुढे पीएचडी करायची असेल तर इन्स्पायरचीच फेलोशिप आहे. तिथे विद्यापीठात पहिला आलेल्यांबरोबर एमएस्सीला ७० टक्के मिळवलेले इन्स्पायर विद्यार्थीही अर्ज करू शकतात. तेव्हा पहिल्या वर्षीच्या निवडपत्राची प्रत फेकू नका.