डिलाइट की पद्मिनी?

मुंबईत जुनी गाडी विकायला निघते तेव्हा जाहिरातीत नुसतं ‘फियाट’ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती बहुधा फियाट ११०० डिलाइट असते किंवा प्रीमियर पद्मिनी. (डुक्कर फियाट त्याआधीची, गोल नाकाची. तिच्याबद्दल घोळ होत नाही.)

दोन्ही कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी क्रायस्लरच्या साथीने डॉज, प्लिमथ बांधल्या, मग फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ मध्ये गेले, डिलाइट आली १९६४ मध्ये. पुढे फियाटचं नाव निघालं, पण गाडी बंद पडली नाही. आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ती तिथेच बनत राहिली. वालचंदांचं खरं काम इथे दिसतं: परक्याचं नाव गेलं तरी चालत राहील असा कारखाना.

म्हणूनच सुरुवातीची पद्मिनी बाहेरून ओळखणं अवघड. बॉडी जवळपास तीच, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन तेच, स्टिअरिंगखालचा चार गिअरचा दांडा तोच. फ्लोअर गिअर किंवा डिझेल इंजिन असेल तर ती उशिराची पद्मिनी किंवा नंतर बदल केलेली गाडी. बोनेटवरची अक्षरं तर सहज बदलता येतात, त्यांच्यावर विसंबू नका. आरसी बुकात कंपनी आणि उत्पादनाचं वर्ष बघा. मग चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेले आकडे बुकाशी ताडा. एखादा आकडा वाकडा किंवा कमी-जास्त खोल कोरलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

वर्षाला महत्त्व आहे ते नोंदणीमुळे. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. डिलाइट वयात बसते, पद्मिनीतल्या फक्त अगदी पहिल्या बसतात. डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीचा अर्ज अडकेल.

गंज मात्र दोघींना सारखाच. चेसिस म्हणजे वेगळा सांगाडा यांना नाही, बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे समुद्राच्या हवेने पत्रा खाल्ला की गाडीचा कणाच जातो. मॅट उचला, दरवाज्याखालचा पत्रा, जॅक लावायची जागा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बसतात तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. रंग ताजा आणि पत्रा मऊ लागला, तर गंजावरच पॅच मारलाय. पाट्यांची बैठक सडली की गाडी एका बाजूला बसते, ते काम सगळ्यात महाग.

गिअर अडकत असेल तर घाबरू नका, बहुधा दांड्याचे बुश (सांध्यातल्या छोट्या कड्या) झिजलेले असतात आणि ते बदलता येतात.

पद्मिनी असेल तर ती पूर्वी टॅक्सी होती का, हेही तपासा. डाव्या मडगार्डवर मीटरची बुजवलेली भोकं आणि डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा शोधा. त्या सापडल्या तर किलोमीटरच्या आकड्याकडे बघूच नका, इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या.