हॅनेगन, रॉबर्ट एमेट

(३० जून १९०३–६ ऑक्टोबर १९४९). अमेरिकन वकील, डेमोक्रॅटिक पक्षाचे संघटक, अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल आणि सेंट लुइस कार्डिनल्स या बेसबॉल क्लबचे सहमालक. जन्म व मृत्यू मिझुरी राज्यातील सेंट लुइस येथे. घराणे आयरिश वंशाचे. वडील शहराच्या पोलिस दलात अधिकारी होते. सेंट लुइस विद्यापीठातून त्यांनी १९२५ मध्ये कायद्याची पदवी घेतली. विद्यार्थिदशेत ते चांगले खेळाडू म्हणून ओळखले जात. पदवीनंतर त्याच शहरात वकिली केली, पण वकील म्हणून त्यांचा ठसा उमटला नाही. नाव झाले ते वॉर्डच्या राजकारणात.

सेंट लुइस शहरात तेव्हा २८ वॉर्ड होते. प्रत्येक वॉर्डातून पक्षाच्या शहर समितीवर एक पुरुष व एक स्त्री असे दोन सदस्य निवडून जात. हॅनेगन एकविसाव्या वॉर्डाचे सदस्य होते आणि पुढे समितीचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये बर्नार्ड डिकमन महापौर झाले. डेमोक्रॅटिक पक्षाला सेंट लुइसचे महापौरपद कित्येक वर्षांनी मिळाले होते. महापालिकेतील नोकऱ्यांच्या शिफारशी वॉर्ड समितीकडून जात. नोकरी मिळालेला माणूस आपल्या मतदान केंद्रावरचा कार्यकर्ता होई आणि पक्षाने कोणाला पाठिंबा द्यायचा ठरवले आहे, ते मतदानाच्या आदल्या दिवसांत नमुना मतपत्रिका वाटून घरोघर कळवी. ही पद्धत सर्वाधिक उपयोगी पडे ती पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत. सर्व उमेदवार एकाच पक्षाचे, मतदान थोडे आणि मतदाराला नावे फारशी परिचित नसलेली. अशा वेळी हातात आलेली चिठ्ठी निर्णायक ठरे. मात्र पाठिंबा बदलल्याचा निरोप उशिरा गेला, की जुन्या व नव्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी फिरत राहत.

अशा उशिरा फिरवलेल्या निरोपानेच हॅनेगन यांचे पुढचे आयुष्य ठरवले. ६ ऑगस्ट १९४० रोजी सिनेटच्या उमेदवारीसाठी मिझुरीत प्राथमिक निवडणूक झाली. विद्यमान सिनेटर हॅरी ट्रूमन, गव्हर्नर लॉइड स्टार्क आणि सरकारी वकील मॉरिस मिलिगन असे तिघे रिंगणात होते. ट्रूमन यांचे आश्रयदाते, कॅन्सस सिटीतील पक्षसंघटनेचे पुढारी टॉम पेंडरगास्ट, करचुकवेगिरीबद्दल तुरुंगवास भोगून आले होते आणि सेंट लुइसची संघटना सुरुवातीला स्टार्क यांच्या बाजूने होती. मतदानाला अगदी थोडे दिवस उरले असताना हॅनेगन यांनी वॉर्डांना ट्रूमन यांच्या बाजूने उतरण्यास सांगितले. ट्रूमन राज्यात ७,९७६ मतांनी जिंकले. एकट्या सेंट लुइस शहरातील त्यांची आघाडी त्याहून किंचित अधिक, सुमारे ८,४०० होती. निरोप फिरला नसता तर ट्रूमन हरले असते, असे यावरून सर्रास म्हटले जाते. आकडे त्याला पुष्टी देतात. पण मिलिगन यांनी सव्वा लाखाहून अधिक मते घेऊन स्टार्क यांचाच मतदार फोडला, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. सेंट लुइसच्या कथेत ती बऱ्याचदा झाकोळते. हॅनेगन यांनी असे का केले याबाबत एकवाक्यता नाही. गव्हर्नरपदाचे आपले उमेदवार लॉरेन्स मॅकडॅनिएल यांच्याबाबत स्टार्क उदासीन राहिले म्हणून शहर संघटना नाराज झाली, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅकडॅनिएल हे रिपब्लिकन उमेदवार फॉरेस्ट डॉनेल यांच्याकडून ३,६१३ मतांनी हरले. मतमोजणीत गैरप्रकार झाल्याचा दावा करून डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने डॉनेल यांच्या विजयाची घोषणाच अडवून धरली. या डावामागे डिकमन व हॅनेगन असल्याचा आरोप झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या विरोधात निकाल दिल्यावर, जानेवारीत व्हायचा डॉनेल यांचा शपथविधी फेब्रुवारी १९४१ च्या अखेरीस पार पडला. एप्रिलमध्ये डिकमन महापौरपदाची निवडणूक हरले आणि हॅनेगन यांचे शहरातील वजन एका फटक्यात उतरले. १९४२ मध्ये ट्रूमन यांच्या शिफारशीवरून त्यांची पूर्व मिझुरीसाठी अंतर्गत महसूल (केंद्र सरकारचे कर) जमा करणारे अधिकारी म्हणून नेमणूक झाली. स्थानिक वृत्तपत्रांनी तिला विरोध केला, पण त्यांचे काम चोख ठरले. ऑक्टोबर १९४३ मध्ये ते वॉशिंग्टनला अंतर्गत महसूल आयुक्त झाले, आणि जानेवारी १९४४ मध्ये डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष.

१९४४ ची उपाध्यक्षपदाची उमेदवारी : हॅनेगन यांच्याविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे ते याच प्रकरणाबाबत. फ्रँकलिन रोझव्हेल्ट चौथ्यांदा उभे राहणार होते. त्यांची प्रकृती खालावलेली असल्याने उपाध्यक्ष हाच पुढचा अध्यक्ष, हे पक्षातील जाणकारांना दिसत होते. विद्यमान उपाध्यक्ष हेन्री वॉलेस हे कामगार संघटनांना प्रिय, पण शहरी संघटनांना व दक्षिणेकडील राज्यांना नकोसे होते. ११ जुलै १९४४ रोजी व्हाइट हाउसमध्ये हॅनेगन, एडविन पॉली, फ्रँक वॉकर, शिकागोचे महापौर एडवर्ड केली, एड फ्लिन व जॉर्ज ॲलन हे पक्षातील पुढारी रोझव्हेल्ट यांना भेटले. बैठकीत कौल ट्रूमन यांच्या बाजूने पडला. केवळ तोंडी शब्दावर, उमेदवार ठरवणारे पक्षाचे शिकागो येथील अधिवेशन वळणार नाही, हे ओळखून हॅनेगन यांनी अध्यक्षांकडून लेखी मजकूर मिळवला.

वाद या मजकुरावर आहे. जाहीर झालेल्या पत्रावर १९ जुलै ही तारीख असून, हॅरी ट्रूमन व बिल डग्लस या दोघांपैकी कोणाही बरोबर निवडणूक लढवायला आपल्याला आनंदच होईल, असा त्याचा आशय आहे. डग्लस म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम ओ. डग्लस. मूळ मसुद्यात डग्लस यांचे नाव आधी होते आणि १५ जुलैला अध्यक्षांची रेल्वे शिकागोत थांबली असता हॅनेगन यांनी क्रम बदलून पत्र पुन्हा टंकलिखित करून घेतले, असे रोझव्हेल्ट यांच्या सचिव ग्रेस टली यांनी नंतर आठवणींत लिहिले. दुसऱ्या कथनानुसार ११ जुलैच्या रात्रीच हॅनेगन यांच्या हाती पेन्सिलीने लिहिलेली, केवळ ट्रूमन यांचे नाव असलेली चिठ्ठी आली होती. म्हणजे एक नव्हे, दोन कागद होते आणि दोन्हींच्या हकिकती एकमेकींत मिसळल्या, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. पत्रावरची तारीख ते लिहिल्याची नसून जाहीर करायच्या दिवसाची आहे, याबाबत मात्र फारसे दुमत नाही. क्रम कोणी ठरवला यापेक्षा तो कसा वाचला गेला, हे परिणामाच्या दृष्टीने महत्त्वाचे. अधिवेशनात डग्लस यांच्यासाठी कोणतीही संघटना काम करीत नव्हती, त्यामुळे प्रतिनिधींनी पहिल्या नावालाच अध्यक्षांची पसंती मानले.

खुद्द ट्रूमन तयार नव्हते. उपाध्यक्षपदाचे दुसरे इच्छुक जेम्स बर्न्स यांचे नाव सुचवण्याचा शब्द ते देऊन बसले होते. शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात हॅनेगन यांनी सॅन डिएगोला असलेल्या रोझव्हेल्ट यांना ट्रूमन यांच्या देखत दूरध्वनी लावला. ऐन युद्धात पक्ष फोडायचा असेल तर जबाबदारी ट्रूमन यांची, असे अध्यक्षांचे बोल खोलीत सर्वांना ऐकू आले. (हा प्रसंग काही ठिकाणी १९, तर काही ठिकाणी २० जुलैचा दिला आहे.) २० जुलैच्या रात्री वॉलेस समर्थकांनी सभागृह भरून टाकले. त्याच लाटेत मतदान झाले असते तर निकाल वेगळा लागण्याचा धोका होता. हॅनेगन यांच्या सांगण्यावरून सभाध्यक्ष सॅम्युएल जॅक्सन यांनी तहकुबीचा ठराव आवाजी मतांनी मंजूर झाल्याचे जाहीर केले.

दुसऱ्या दिवशीचे गणित असे : एकूण मते १,१७६, बहुमतासाठी ५८९. पहिल्या फेरीत वॉलेस ४२९½ आणि ट्रूमन ३१९½. उरलेली मते अनेक राज्यांनी आपापल्या स्थानिक नेत्याच्या नावावर अडकवून ठेवली होती. अलाबामाचे जॉन बँकहेड यांना ९८ होती. हाच हॅनेगन यांच्या आखणीचा गाभा होता. पहिल्याच फेरीत सारे बळ दाखवले तर प्रतिपक्षाला सौदा करायला वेळ मिळतो. म्हणून मते स्थानिक उमेदवारांकडे ‘ठेवीत’ ठेवायची आणि दुसऱ्या फेरीत एकामागून एक सोडायची. यातला धोका असा, की ठेवीदार ऐनवेळी दुसरीकडे वळू शकतो. तसे झाले नाही. दुसऱ्या फेरीची पहिली मोजणी दोघांना जवळजवळ समान ठेवून संपली, मग राज्ये मते बदलू लागली आणि अंतिम आकडा ट्रूमन १,०३१, वॉलेस १०५ असा झाला. १२ एप्रिल १९४५ रोजी रोझव्हेल्ट वारले व ट्रूमन अध्यक्ष झाले. हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष होण्यापासून रोखणारा माणूस, एवढेच आपल्या थडग्यावर कोरावे, असे हॅनेगन म्हणत.

जुलै १९४५ पासून डिसेंबर १९४७ पर्यंत ते पोस्टमास्टर जनरल होते. पक्षाध्यक्षाकडेच टपाल खाते सोपवण्याची प्रथा आधीचे पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली व वॉकर यांच्या काळात चालत आलेली होती. १ ऑक्टोबर १९४६ पासून देशांतर्गत विमानटपालाचा दर ८ सेंटवरून ५ सेंटवर आला, हा त्यांच्या कारकीर्दीतील ठळक निर्णय. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली. उच्च रक्तदाबाने तोवर हॅनेगन यांना ग्रासले होते. १९४७ मध्ये त्यांनी पक्षाचे अध्यक्षपद व पाठोपाठ टपाल खातेही सोडले.

कार्डिनल्सची खरेदी : २५ नोव्हेंबर १९४७ रोजी सॅम ब्रेडन यांनी कार्डिनल्स क्लब हॅनेगन व सेंट लुइसचेच वकील फ्रेड सेग यांना विकला. किंमत साधारणतः ४० लाख डॉलर दिली जाते. काही वृत्तांतांत ती कमी आहे. क्लबसोबत दुय्यम लीगमधील संघ व त्यांची मैदानेही आली. मुख्य मैदान मात्र आले नाही : स्पोर्ट्समन्स पार्क हे सेंट लुइस ब्राउन्सच्या मालकीचे होते आणि कार्डिनल्स तेथे भाडेकरू होते. खरेदीदारांनी पदरचे फार थोडे पैसे घातले, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य. नव्या मैदानासाठी ब्रेडन यांनी वर्षानुवर्षे नफा राखून ठेवला होता, पण जागा मिळत नव्हती. ठरावीक मुदतीत बांधकाम झाले नाही तर या रकमेवर जबर कर बसेल, हे सेग यांनी हेरले. मालकाने स्वतःच हा पैसा लाभांश म्हणून काढला, तर त्यावर सामान्य उत्पन्नाचा कर लागे. तेव्हा त्याचा कमाल दर ८० टक्क्यांहून अधिक होता. सहा महिन्यांहून जास्त काळ धारण केलेले समभाग विकले, तर भांडवली नफ्यावर जास्तीत जास्त २५ टक्के कर पडे. त्यामुळे ब्रेडन यांना विक्री परवडणारी आणि खरेदीदारांना क्लबच्याच शिलकीवर व मालमत्तेवर कर्ज उभारणे शक्य, असा दुहेरी मेळ बसला. कल्पना बहुतांशी सेग यांची मानली जाते. हॅनेगन यांनी बँकांकडे पत आणि ब्रेडन यांच्याकडे विश्वास मिळवून दिला, असे दिसते. माजी महसूल आयुक्ताला हे करगणित नवे नव्हते.

क्लबचे अध्यक्ष म्हणून हॅनेगन यांना एकच हंगाम मिळाला. १९४८ मध्ये एडी डायर यांच्या व्यवस्थापनाखाली संघ ८५ विजय व ६९ पराभवांसह दुसरा आला, बॉस्टन ब्रेव्हजच्या साडेसहा सामने मागे. संघाचे फलंदाज स्टॅन म्यूझियल यांची फलंदाजीची सरासरी ०.३७६, होमरन ३९. जानेवारी १९४९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने हॅनेगन यांनी आपला हिस्सा सेग यांना विकला. त्यांना सुमारे १० लाख डॉलर मिळाल्याचे सांगितले जाते. त्याच सुमारास क्लबने पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) मरी डिक्सन यांना १,२५,००० डॉलरला पिट्सबर्गकडे दिले. कर्ज फेडायला खेळाडू विकावा लागणे, ही अशा खरेदीची नेहमीची अडचण. डिक्सन यांनी त्या वर्षी कार्डिनल्सला पाच वेळा हरवले आणि कार्डिनल्सचे लीग विजेतेपद एका सामन्याने हुकले.

हंगाम संपल्यावर काही दिवसांतच, वयाच्या ४६ व्या वर्षी हॅनेगन हृदयविकाराने वारले. ब्रेडन त्याच वर्षी मे महिन्यात निधन पावले होते. सेग यांना पुढे करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांनी क्लब अनहायझर-बुश या मद्य कंपनीला विकला.