बुंदीऐवजी लिंबाची फोड

सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत सकाळी आई विड्या वळायला बसलेली असते, वडील लूमवर गेलेले असतात आणि पोर चहात टोस्ट बुडवून शाळेला पळतं. तेवढ्यावर ते किती तग धरणार? साधारण पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी 40 टक्क्यांहून जास्त ऊर्जा एकटाच खातो. मोठ्या माणसात हाच वाटा 20 टक्क्यांच्या आसपास असतो. उपाशी पोर ‘लक्षच देत नाही’ म्हणून ओरडा खातं, तेव्हा मला हे आकडे आठवतात.

शाळेतल्या खिचडीचा हिशेब पहिली ते पाचवीसाठी असा बांधलेला आहे: 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. यातून निदान 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा असते. देशपातळीवर शाळेतल्या या दुपारच्या जेवणाची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, पण पुष्कळ राज्यांत कोरडं धान्यच वाटलं जायचं. शिजवलेलं जेवणच द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला बजावलं.

डाळ-तांदळाची जोडी आपल्या आज्यांनी शास्त्र न शिकता जुळवली. तांदळाच्या (आणि आपल्या ज्वारीच्याही) प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवतं. शेंगाचटणीने ताकद आणि चव दोन्ही येतात, पण शेंगदाण्यातही लायसिन बेताचंच. तेव्हा डाळीला सुट्टी नाही.

खरी गोम लोहाची आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 6 ते 59 महिन्यांची 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हीच मुलं पुढे शाळेत येतात. धान्य-डाळीत लोह असतं, पण त्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. आतड्याला ते सहजी उचलता येत नाही. वर चहा झाला की त्यातली टॅनिनसारखी द्रव्यंही तेच करतात. क जीवनसत्त्व मात्र या लोहाचं रूप बदलून ते विरघळलेलं ठेवतं, आणि मग आतडं ते उचलतं. अट एकच, दोन्ही एकाच जेवणात हवीत. सकाळी लिंबूसरबत आणि दुपारी खिचडी, असं करून भागत नाही. शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर.

इथे सोलापूरकर हमखास म्हणतो, ‘मग डाळिंब द्या की, रक्त वाढतं!’ डाळिंब आपला अभिमान, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथलंच. पण 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, त्याचा रक्ताशी संबंध नाही. त्यापेक्षा साधा पेरू बघा, क जीवनसत्त्वात तो संत्र्याच्या चौपट भरतो.

शाळेच्या जेवणात गावालाही भर घालता येते. वाढदिवस, पुण्यतिथी, काहीही निमित्त चालतं. त्याला आपल्याकडे स्नेहभोजन म्हणतात. देणाऱ्याचा हात मोठा असतो, पण तो हटकून बुंदी-जिलेबीकडेच वळतो. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला आम्हीही बुंदीच वाटली होती. पोरं खूश झाली, नाही असं नाही. पण कॅलरी खिचडीतून मिळतच होत्या. कमी होतं ते लोह आणि ते पचवणारं आंबट काहीतरी. दानाचं उत्तम ताट तर आपल्याकडे तयारच आहे. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत येणारी भोगी आठवा: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा, ओला हरभरा, गाजर, बोरं. बाजरीत तांदळाच्या कितीतरी पट लोह, तिळात त्याहून जास्त, शेंगांची प्रथिनं, आणि वर बोरांचं क जीवनसत्त्व. भाकऱ्या थापायला चार बाया जास्त लागतील, एवढंच.

यंदा भाचीच्या वाढदिवसाआधी शाळेतल्या बाईंना विचारलं, दीडशे पोरांना चतकोर फोड धरली तर लिंबं किती आणू? त्या म्हणाल्या, ‘चाळीस बास. आणि पेरू आणणार असाल तर सुरी घरूनच आणा, इथली बोथट आहे.’